काल्पनिक विकसित राष्ट्राची अर्थव्यवस्था कशी रचावी

कादंबरीसाठी, एखाद्या खेळासाठी किंवा अर्थशास्त्राच्या वर्गातील प्रकल्पासाठी काल्पनिक देश रचणारे बहुतेक जण आधी नकाशा काढतात, मग झेंडा, राजधानी आणि राज्यकर्त्यांची नावे ठरवतात, आणि देश श्रीमंत आहे हे दाखवण्यासाठी उंच इमारती, वेगवान रेल्वे व स्वच्छ रस्ते यांचे वर्णन करून पुढे जातात. त्या रेल्वेचे तिकीट किती, ते कोणाला परवडते, रेल्वे बांधायला पैसा कोठून आला आणि तिचे रूळ पहाटे तीन वाजता तपासणारा माणूस कोणत्या देशाचा नागरिक आहे, हे प्रश्न तसेच राहतात. वाचकाला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण त्या देशावर त्याचा विश्वास बसत नाही.

श्रीमंती वर्णनातून पटत नाही, ती हिशेबातून पटते, असे माझे ठाम मत आहे. देश बाहेरच्यांना काय विकतो, आत काम कोण करतो, त्या कामाला दाम किती मिळतो आणि त्यातून सरकार किती घेते, या चार नोंदी एकमेकींशी जुळल्या की देश उभा राहतो. त्या जुळल्या नाहीत तर कितीही मनोरे उभारून उपयोग नाही. ही जुळणी कशी करावी हे पुढे ‘दर्यावण’ नावाचा एक देश रचत दाखवले आहे. दर्यावणाचे सर्व आकडे कल्पित आहेत, परंतु आजच्या श्रीमंत देशांत जे प्रमाण आढळते त्याच्या मर्यादेतच ते ठेवले आहेत.

आधी लोकसंख्या, मग उत्पन्न

पहिला आकडा लोकसंख्येचा लिहावा, कारण पुढचे बरेचसे निर्णय तो परस्पर घेऊन टाकतो. मोठ्या देशाला आपल्या गरजेच्या बहुतेक वस्तू स्वतः बनवता येतात. अमेरिकेची आयात आणि निर्यात एकत्र धरली तरी ती तिच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, एक चतुर्थांशाच्या आसपास भरते. सिंगापूरमध्ये हीच बेरीज जीडीपीच्या तिपटीहून अधिक आहे. त्यामुळे पन्नास-साठ लाख वस्तीचा देश मोटारी, विमाने, औषधे, संगणक आणि धान्य असे सगळे स्वतःच पिकवतो-बनवतो असे लिहिले, तर ते पटण्याजोगे राहत नाही. लहान देश श्रीमंत होतो तो मोजक्या गोष्टी उत्तम करून आणि बाकीच्या विकत घेऊन.

दर्यावणाची लोकसंख्या ८० लाख धरू. दरडोई उत्पन्नासाठी जागतिक बँकेची उच्च-उत्पन्न गटाची रेषा अलीकडच्या वर्षांत १४,००० डॉलरच्या आसपास राहिली आहे. पण ती रेषा नुकती ओलांडलेला देश आणि पश्चिम युरोपातील देश यांच्या राहणीत मोठे अंतर असते. दर्यावणासाठी आपण माणशी ५०,००० डॉलर धरू, म्हणजे एकूण जीडीपी ४०,००० कोटी डॉलर होईल. हे आकडे रुपयांत बदलण्याचा मोह टाळावा. विनिमयदराने केलेल्या रूपांतरातून क्रयशक्ती, म्हणजे त्या पैशात प्रत्यक्ष काय घेता येते ते, कळत नाही. ५०,००० डॉलरचे रुपये केले की वाचकाला तो माणूस आपल्याकडच्या कोट्यधीशांच्या पंगतीतला वाटू लागतो, जेव्हा प्रत्यक्षात तो भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा बसचालक असू शकतो.

देश कशावर जगतो

हा रचनेचा गाभा आहे, आणि येथे घाई करू नये. ‘देशात तेल सापडले आणि तो श्रीमंत झाला’ एवढे वाक्य पुरत नाही, कारण तेलाने काही देश सावरले आहेत तर काही विस्कटले आहेत. नॉर्वेला १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्क हे तेलक्षेत्र सापडले. १९९० मध्ये तेथील संसदेने तेलनिधीचा कायदा केला, १९९६ मध्ये निधीत पहिली रक्कम पडली, आणि हा निधी फक्त देशाबाहेरच गुंतवायचा असे ठरले. २००१ मध्ये नियम झाला की सरकारने दरवर्षी निधीच्या सरासरी ४ टक्केच खर्चासाठी घ्यावेत. २०१७ मध्ये हा आकडा ३ टक्क्यांवर आणला गेला. पैसा बाहेर ठेवण्यामागचे कारण शेजारच्या अनुभवात होते. नेदरलँड्समध्ये १९५९ साली ग्रोनिंगनला प्रचंड नैसर्गिक वायू सापडला, निर्यातीचा पैसा देशात वाहू लागला, चलन महागले आणि कारखान्यांचा माल परदेशी ग्राहकाला परवडेनासा झाला. या दुखण्याला १९७७ पासून ‘डच रोग’ हे नावच पडले. पुढे वायू उपसल्याने त्या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले, आणि २०२३ मध्ये उपसा थांबवावा लागला. तिसरे उदाहरण प्रशांत महासागरातील नाउरूचे आहे. १९६८ साली स्वतंत्र झालेले हे चिमुकले बेट फॉस्फेटच्या जोरावर काही वर्षे दरडोई उत्पन्नात जगातल्या आघाडीच्या देशांत होते. साठा संपत आला, गुंतवणुका बुडाल्या, आणि बेटाचा मधला भाग खणून उजाड झालेला राहिला.

तेव्हा आपल्या देशाला खनिज द्यायचे असेल, तर त्या पैशाचे काय झाले आणि ते कोणी ठरवले, हेही त्याच दिवशी लिहून ठेवावे. कथेच्या दृष्टीने खरे नाट्य त्या निर्णयातच असते.

खनिजाविना श्रीमंत झालेले देश लेखकाला याहून अधिक शिकवतात. आइसलँडकडे ॲल्युमिनियमचे खनिज बॉक्साइट नाही, तरी तेथे १९६९ पासून ॲल्युमिनियम बनते, कारण नद्यांची आणि भूगर्भातील उष्णतेची वीज मुबलक आहे. कच्चा माल जहाजाने येतो, वीज खाऊन धातू होतो आणि पुन्हा जहाजाने जातो, म्हणजे तो देश धातूच्या रूपाने वीजच विकत असतो. डेन्मार्कची गोष्ट आपल्याला विशेष जवळची वाटावी. १८७० नंतर अमेरिका आणि रशियाचे स्वस्त धान्य युरोपात आले, तेव्हा धान्याचे भाव कोसळले. डॅनिश शेतकऱ्यांनी धान्य पिकवण्याऐवजी तेच स्वस्त धान्य गुरांना आणि डुकरांना घालून लोणी आणि खारवलेले मांस इंग्लंडला विकायला सुरुवात केली. १८८२ मध्ये येडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली, आणि या चळवळीत गायी कितीही असोत, माणशी एकच मत ही रीत रुजली. ज्यांनी साखर कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक जवळून पाहिली आहे, त्या मराठी वाचकाला एका मताच्या या नियमाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. संकटाला दिलेले उत्तर आणि ते उत्तर टिकवणारी संस्था अशी जोडी प्रत्येक काल्पनिक अर्थव्यवस्थेत असायला हवी.

दर्यावणाकडे खनिज नाही. त्याच्याकडे हिवाळ्यातही न गोठणारे खोल बंदर, लाकूड आणि मासळी आहे. त्यामुळे तो आधी खारवलेली मासळी आणि इमारती लाकूड विकत होता, मग लाकडी जहाजे, मग लोखंडी जहाजे बांधू लागला. पुढे काय झाले हे ठरवण्यासाठी स्वीडनच्या मालमो शहराकडे पाहावे. तेथील गोदीत १९७० च्या दशकात १३८ मीटर उंचीची एक अजस्र क्रेन उभी राहिली. जहाजबांधणीत जपान आधीच पुढे होता, त्याच सुमारास दक्षिण कोरियाही पुढे निघाला, युरोपातील गोद्या बंद पडत गेल्या, आणि २००२ मध्ये ती क्रेन उलसान येथील कोरियन कंपनीला अवघ्या एका डॉलरला विकली गेली. क्रेन उतरवून समुद्रमार्गे निघाली तेव्हा शहरातील लोक डोळे पुसत उभे होते असे सांगतात, आणि कोरियातही ती ‘मालमोचे अश्रू’ म्हणूनच ओळखली जाते. मालमोने मधल्या काळात १९९८ साली उच्चशिक्षणसंस्था उभारली आणि २००० साली समुद्रावरील पुलाने ते कोपनहेगनला जोडले गेले.

दर्यावणाचेही तसेच झाले असे आपण धरू. जहाजाचा सांगाडा बांधण्याचे काम १९७० नंतर आशियात गेले, परंतु जहाजाची इंजिने, पंखे आणि नियंत्रणयंत्रे बनवण्याचे कसब देशात राहिले. जहाजांची तपासणी करणारे अभियंते आणि सागरी विम्याचे जाणकार राजधानीत टिकले. आज देशाची निर्यात जीडीपीच्या ४६ टक्के, म्हणजे १८,४०० कोटी डॉलर आहे. तीत यंत्रसामग्री सर्वांत मोठी, त्यानंतर विमा आणि जहाज-व्यवस्थापनाच्या सेवा, मग औषधे आणि शेवटी मासळी आहे. मासळीचा वाटा आता किरकोळ असला तरी राजकारणात तिचे वजन मोठे आहे, कारण किनाऱ्यावरील गावांतील मतदार तिच्यावर जगतात. उत्पन्नातील वाटा आणि राजकारणातील वजन हे असे वेगवेगळे ठेवले की देश जिवंत वाटू लागतो.

वाटचालीची वर्षे मोजा

कोणताही देश ‘एका पिढीत’ कसा आणि किती बदलतो, याचा अंदाज चक्रवाढीने घ्यावा. ७० ला वाढीच्या दराने भागले की उत्पन्न दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात: ७ टक्क्यांनी दहा, २ टक्क्यांनी पस्तीस. दर्यावणाचे दरडोई उत्पन्न १९६० मध्ये, आजच्या किमतींनुसार, ३,००० डॉलर होते असे धरले, तर ५०,००० वर येण्यासाठी ते सुमारे सतरा पट व्हावे लागते. पहिली २५ वर्षे ७ टक्के आणि पुढची ४० वर्षे पावणेतीन टक्क्यांहून किंचित जास्त वाढ धरली की हे गणित जमते. मात्र २५ वर्षे ७ टक्के ही असाधारण चाल आहे. ती दक्षिण कोरिया आणि सिंगापूर यांसारख्या थोड्या देशांनी साधली, आणि त्यामागे कडक शिस्त, दडपलेल्या कामगार संघटना, सक्तीची बचत व शिक्षणावरचा अफाट भर होता. तेवढी किंमत मोजलेला देश दाखवायचा नसेल, तर त्याला १९६० मध्येच बरा सुस्थितीत दाखवावा. आजच्या सत्तरीतल्या पात्राच्या आठवणी या निवडीवर अवलंबून राहतील: त्या पात्राने लहानपणी उपास काढले होते की फक्त जुने कपडे वापरले होते, हे याच आकड्यातून ठरते.

ताळा करून पाहा

आता खर्चाच्या बाजूने बेरीज करावी. दर्यावणात लोकांचा घरगुती खर्च जीडीपीच्या ५२ टक्के, सरकारचा सेवांवरील खर्च १९ टक्के, गुंतवणूक २३ टक्के आणि निर्यातीतून आयात वजा जाता उरलेले ६ टक्के. एकूण १०० होतात. निर्यात ४६ टक्के असल्याने आयात ४० टक्केच असू शकते. यातील एक आकडा बदलला की दुसरा बदलावा लागतो, हेच या ताळ्याचे खरे काम आहे. लोक उधळे आहेत असे लिहायचे असेल तर घरगुती खर्च वाढेल, मग आयात वाढेल, मग बाहेरून कर्ज येईल, आणि ते कर्ज देणारा कोण हे सांगावे लागेल.

दुसरा ताळा बचतीचा आहे, आणि नवखे लेखक बहुधा येथे चुकतात. बाहेरच्या व्यवहारातील शिल्लक ही खासगी क्षेत्राची गुंतवणुकीपलीकडची बचत आणि सरकारची शिल्लक यांची बेरीज असते. दर्यावणात बाहेरची शिल्लक ६ टक्के आहे आणि सरकारची तूट २ टक्के आहे. म्हणून खासगी क्षेत्र स्वतःच्या गुंतवणुकीपेक्षा ८ टक्के जास्त वाचवते, असे आपोआप ठरले. इतके वाचवणारे लोक कसे असतील? वयाने पोक्त, भविष्याची धास्ती बाळगणारे, आणि पेन्शन निधीत दरमहा सक्तीने भर घालणारे. पात्रांचे स्वभाव असे आकड्यांतून सुचू लागले की मला या कामात खरा आनंद मिळतो.

जीडीपीच्या आकड्यावर आंधळा विश्वासही ठेवू नये. आयर्लंडचा जीडीपी २०१५ या एकाच वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री तेथे आणली. लोकांच्या खिशात त्यातले फारसे काही आले नाही, आणि पुढे तेथील सांख्यिकी कार्यालयाला देशाचे खरे उत्पन्न दाखवणारे वेगळे, सुधारित मोजमाप सुरू करावे लागले. कमी कराच्या आमिषाने कंपन्या आणणारा देश रचणार असाल, तर त्यातल्या शिक्षकाचा पगार जीडीपीवरून काढू नका.

काम कोण करतो, आणि हाताचे काम किती महाग असते

दर्यावणात ४२ लाख लोक काम करतात असे धरू. त्यातील शेती आणि मासेमारीत अडीच टक्के, म्हणजे सव्वा लाखाहूनही कमी. कारखाने, बांधकाम व वीज यांत २२ टक्के. आणि उरलेले साडेपंचाहत्तर टक्के सेवांमध्ये आहेत. आपल्याकडे अजूनही शंभरातील चाळीसहून अधिक कामकरी शेतीवर असल्यामुळे मराठी लेखकाच्या मनातला ‘सामान्य माणूस’ सहजच शेतकरी होतो. विकसित देशात तो रुग्णालयात, शाळेत, गोदामात, दुकानात किंवा वृद्धाश्रमात काम करणारा असतो, आणि फार मोठ्या संख्येने ती बाई असते.

पगाराचा आकडाही जीडीपीतून काढता येतो. उत्पन्नापैकी साधारण ५५ टक्के वाटा श्रमाला जातो असे धरले, तर २२,००० कोटी डॉलर ४२ लाखांत वाटून माणशी सुमारे ५२,००० येतात. त्यातून मालकाने भरायची सामाजिक विम्याची वर्गणी वजा केली की करापूर्वीचा सरासरी पगार ४५,००० च्या आसपास उरतो. एखाद्या पात्राला यापेक्षा तिप्पट पगार द्यायचा असेल तर जरूर द्यावा, पण ते पात्र अपवाद आहे हे लेखकाला ठाऊक असावे.

यातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा परिणाम किमतींचा आहे. इंजिनाच्या कारखान्यात यंत्रांमुळे एका कामगाराचे उत्पादन खूप असते, म्हणून त्याला चांगला पगार मिळतो. न्हाव्याचे काम शंभर वर्षांपूर्वी होते तितकेच आजही होते, परंतु त्याला कारखान्याच्या तुलनेत फार कमी दिले तर तो कारखान्यात जाईल, म्हणून केस कापणेही महाग होते. श्रीमंत देशात यंत्राने बनलेली वस्तू स्वस्त आणि माणसाच्या हाताने होणारे काम महाग, हा नियम आपल्या रोजच्या अनुभवाच्या थेट उलटा आहे. पुण्यामुंबईतले मध्यमवर्गीय घर धुणीभांडी करणाऱ्या बाईवर, इस्त्रीवाल्यावर आणि सोसायटीच्या वॉचमनवर चालते. दर्यावणातला वरिष्ठ डॉक्टरही स्वतःचे कपडे स्वतः वाळत घालतो, भिंत स्वतः रंगवतो आणि रविवारी मुलांचा डबा स्वतः करतो. घरात दोन नोकर आणि दारात चालक असलेला मध्यमवर्ग या देशात दाखवला, तर त्या एका परिच्छेदाने सगळी रचना कोसळते. प्लंबर मात्र सन्मानाने आणि चांगल्या मोटारीतून येतो, विशेषतः जर्मनीसारखी प्रशिक्षणव्यवस्था असेल तर, कारण तेथे १९६९ च्या कायद्याने कारखान्यातील उमेदवारी आणि व्यवसायशाळा यांची सांगड घालून हातकामाच्या कसबाला प्रमाणपत्राचे वजन दिले आहे.

याला एक अपवाद आहे, आणि तो आपल्या लोकांना चांगला माहीत आहे. आखाती देशांत नागरिक श्रीमंत आहेत आणि हाताचे कामही स्वस्त आहे, कारण ते काम करणारे बाहेरून आलेले आहेत. कतारमध्ये दहापैकी जवळजवळ नऊ रहिवासी परदेशी आहेत. रत्नागिरी-रायगडमधील आणि गोव्यातील कितीतरी घरे आखाती पगारावर उभी राहिली, आणि गोव्यातील तारवटी पिढ्यान्पिढ्या परक्या जहाजांवर राबले. दर्यावणाच्या कंपन्यांची जहाजेही दर्यावणी खलाशी चालवणार नाहीत; त्यांवर कोकणातली, गोव्यातली आणि फिलिपिन्समधली माणसे असतील, आणि बंदरातल्या विमा कार्यालयाच्या पाचव्या मजल्यावर बसलेल्या अधिकाऱ्याला त्यांची नावेही ठाऊक नसतील. त्या माणसांना किती दिवसांचा करार मिळतो, कुटुंब आणता येते का आणि म्हातारपणी पेन्शन मिळते का, हे ठरवल्याशिवाय अर्थव्यवस्था पुरी झाली असे मी मानत नाही. श्रमाचा हा भाग गाळणे ही या प्रकारच्या लेखनातली मला सर्वांत टोचणारी उणीव आहे.

कर आणि म्हातारपण

दर्यावणात कर आणि वर्गण्या मिळून जीडीपीच्या ३८ टक्के गोळा होतात आणि खर्च ४० टक्के होतो. त्यातील निवृत्तिवेतनावर १० टक्के, आरोग्यावर ८, शिक्षणावर साडेपाच, बेरोजगारी, अपंगत्व व बालसंगोपन भत्त्यांवर ६, संरक्षणावर २, कर्जाच्या व्याजावर दीड, बांधकामे आणि अन्य सार्वजनिक गुंतवणुकीवर साडेतीन आणि उरलेल्या कारभारावर साडेतीन टक्के. एवढा कर केवळ श्रीमंतांकडून कधीच जमत नाही. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या तिन्ही देशांत वस्तूंवरील मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २५ टक्के आहे. तो गरीबश्रीमंत सगळेच भरतात आणि त्याबदल्यात शाळा आणि दवाखाना मिळतो हे त्यांना दिसते. ‘कर कमी, सेवा उत्तम आणि तेलही नाही’ असा देश लिहिण्याचा मोह आवरावा.

खर्चाचा आकडा माणसापर्यंत नेऊन तपासावा. दर्यावणात ६५ वर्षांवरील लोक २० टक्के, म्हणजे १६ लाख आहेत. ४,००० कोटी डॉलर त्यांच्यात वाटले तर माणशी वर्षाला २५,००० येतात, जे सरासरी पगाराच्या निम्म्याहून थोडे अधिक आहे. हे पटण्याजोगे आहे. जपानमध्ये मात्र हे प्रमाण आजच २९ टक्क्यांच्या घरात आहे. दर्यावणात ते वीस वर्षांनी २७ टक्के झाले आणि पेन्शन आजच्याच प्रमाणात द्यायची ठरली, तर हा एक खर्च १० वरून साडेतेरा टक्क्यांवर जाईल. मग कर वाढवायचा, निवृत्तीचे वय वाढवायचे, की बाहेरून तरुण माणसे आणायची? त्या देशातल्या निवडणुका याच प्रश्नावर लढल्या जातील, आणि कादंबरीला निवडणूक हवी असेल तर वेगळा विषय शोधत बसण्याची गरज नाही.

चलन थोडक्यात

चलनाबाबत एकच निर्णय पुरतो: ते स्वतःचे आणि मोकळे, स्वतःचे पण मोठ्या चलनाशी बांधलेले, की शेजाऱ्यांशी सामाईक. डेन्मार्कचा क्रोन युरोशी बांधलेला आहे, फिनलंडने युरोच स्वीकारला आहे, आणि स्वित्झर्लंडने १५ जानेवारी २०१५ रोजी युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ न देण्याची मर्यादा अचानक सोडून दिली तेव्हा फ्रँक काही मिनिटांत झपाट्याने वधारला आणि निर्यातदार हवालदिल झाले. बँका देशापेक्षा मोठ्या होऊ द्यायच्या का, हेही ठरवावे. आइसलँडच्या तीन मोठ्या बँकांची मालमत्ता देशाच्या जीडीपीच्या नऊ-दहा पट झाली होती, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये त्या तिन्ही काही दिवसांत कोसळल्या.

एक जखम असू द्या

ज्याला कधी फटका बसला नाही असा विकसित देश नाही. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समूहात गेला आणि लोणी व मांस त्याला विकणाऱ्या न्यूझीलंडला नवे गिऱ्हाईक शोधावे लागले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर फिनलंडची पूर्वेकडची बाजारपेठ गेली, बँका अडचणीत आल्या, आणि बेरोजगारी तीन-चार वर्षांत ३ टक्क्यांच्या आसपासून १६ टक्क्यांच्या वर गेली. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर होता. ती पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. अशा घटनेने एका पिढीचे वागणे कायमचे बदलते, आणि म्हणून आपल्या देशाच्या इतिहासात तिचे वर्ष नक्की करावे.

दर्यावणाची जखम गोद्या बंद पडण्याची आहे. उत्तरेकडच्या दोन बंदरांत १९७८ ते १९८५ या काळात गोद्या बंद झाल्या. सरकारने भत्ते दिले, प्रशिक्षण दिले, तरी तरुण राजधानीकडे निघून गेले. आज तेथे घरे स्वस्त आणि रिकामी आहेत, तर राजधानीत भाडे पगाराचा मोठा घास घेते. सिंगापूरने १९६० मध्येच गृहनिर्माण मंडळ स्थापले आणि आज तेथील जवळजवळ चार पंचमांश रहिवासी त्या मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. दर्यावणाने तसे केले नाही, आणि त्याचे परिणाम आता तिशीतली माणसे भोगत आहेत.

शेवटची चाचणी: एक पगारपत्रक

हे सगळे आकडे कथेत जसेच्या तसे येऊ नयेत. ते वहीत राहावेत आणि कथेत त्यांचे परिणाम यावेत. त्यासाठी एका पात्राचा एका महिन्याचा जमाखर्च मांडावा. राजधानीतल्या रुग्णालयातील एक परिचारिका घ्या, वय ३४, एक लहान मुलगी, वडील उत्तरेकडच्या बंदरात एकटे. तिचा पगार महिन्याला ३,७५० डॉलर. कर आणि वर्गण्या ३० टक्के, म्हणजे १,१२५. हातात २,६२५ येतात. भाडे १,०५०, किराणा ४५०, वीज आणि घर गरम ठेवण्याचा खर्च १५०, पाळणाघर २००, कारण उरलेला भार नगरपालिका उचलते. प्रवासाचा पास आणि फोन ११०, विमा आणि कर्जाचा हप्ता १६५. दवाखाना आणि शाळा यांची ओळ कोरी, कारण ते पैसे ११२५ मध्ये आधीच गेले आहेत. ५०० डॉलर उरतात. त्यातून वडिलांना भेटायला जाण्याचे परतीचे तिकीट ९० चे आहे.

महिन्याच्या वीस तारखेला तिचे धुलाईयंत्र बंद पडते. दुरुस्ती करणारा फोनवरच सांगतो की येण्याचे आणि पहिल्या तासाचे १८० होतील, सुटा भाग लागला तर वेगळा. आशियात बनलेले नवे यंत्र ४५० ला मिळते आणि दुकानदार जुने उचलून नेतो. ती हिशेब करते, यंत्र मागवते, आणि वडिलांना फोन करून सांगते की या महिन्यात येणे होणार नाही. वडील विचारतात की मोटारचा पट्टा पाहिलास का, कारण गोदीत तीस वर्षे यंत्रे दुरुस्त केलेल्या त्या माणसाला तो पट्टा दहा मिनिटांत बदलता आला असता.